ओतिएनोचं पाणी, नाब्विरेचं पाणी

माझं आडनाव शिंदे. जपानमध्ये या आडनावाने नोकरी करणं अवघड आहे, कारण जपानीत 'शिंदे' म्हटलं की 'मरून' असा अर्थ होतो. पहिल्या दिवशी प्रशिक्षण केंद्राच्या ऑफिसात माझी ओळख करून देताना तिथल्या बाई आडनावापाशी अडखळल्या आणि "या माधुरी-सान" असं म्हणून मोकळ्या झाल्या. 'सान' म्हणजे आपल्या 'जी'सारखं. वीस वर्षं शेजारी बसणारे लोक जिथे एकमेकांना आडनावानेच हाक मारतात, तिथे मी निवृत्त होईपर्यंत सगळ्यांची माधुरी-सानच राहिले.

आणि प्रशिक्षणाला येणाऱ्या पाहुण्यांची मी 'मामा' होते. पूर्व आफ्रिकेत वयाने वडील बाईला आदराने 'मामा' म्हणतात. माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा ती तीन दिवस मला "मामा, मामी कुठेय?" असं विचारत होती. एरवी ती घरात जपानीतच उत्तर देते. हा विनोद मात्र तिने मराठीत केला, म्हणून मी तो चालवून घेतला.

माझं नेमकं काम काय, हे नातेवाइकांना मला कधी नीट सांगता आलं नाही. पुण्यात सासूबाई सगळ्यांना सांगत, "आमची सून जपानमध्ये आफ्रिकेच्या लोकांना शेती शिकवते." ऐकायला छान, पण खरं नाही. शिकवायचे ते जपानी प्राध्यापक आणि जपानी शेतकरी. शिकायला यायचे ते केनिया, युगांडा, टांझानिया, मलावी, रवांडा अशा देशांतले कृषी अधिकारी. अधिकारी म्हणजे खुर्चीतले नव्हेत. मोटरसायकलवरून गावोगाव फिरून एक-दोन एकरवाल्यांना सल्ला देणारे. मी या दोघांच्या मध्ये उभी. जपानीचं इंग्रजी करायचं, इंग्रजीचं जपानी करायचं, आणि उरलेल्या वेळात कुणाची दाढदुखी, कुणाचं हरवलेलं पाकीट, कुणाला घरच्या आठवणीने जेवण जात नसेल तर त्याच्याजवळ बसणं. माझ्याकडे कृषीची पदवी होती आणि नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी तोक्योतल्या निशी-कसाईला आल्यावर मी जपानी शिकले होते. दोन्ही एकत्र असलेलं माणूस त्यांना दुसरं मिळालं नसावं.

केंद्र तोक्योपासून दोन तासांवर, भातखाचरांच्या मधोमध. दर उन्हाळ्यात दहा आठवड्यांचा वर्ग. विषय असा की पाऊस बेभरवशाचा झालाय, तर छोट्या शेतकऱ्याने कमी पाण्यात, कमी खर्चात आणि हवा आणखी न तापवता पीक कसं काढायचं. यातला मुख्य धडा भाताच्या पाण्याचा. आपण समजतो, भात म्हटला की खाचरात सतत पाणी हवं. पण सतत तुंबलेल्या पाण्याखाली चिखलाला हवा मिळत नाही, आतला पालापाचोळा कुजतो आणि त्यातून हवा तापवणारा वायू निघतो. जपानी शेतकरी पूर्वीपासून उन्हाळ्यात मध्येच एकदा खाचर सुकवतात, जमिनीला भेगा पडेपर्यंत. त्याचीच पुढची पायरी म्हणजे आलटून-पालटून ओलं आणि कोरडं. भोकं पाडलेला हातभर पाईप चिखलात रोवायचा आणि वरून डोकावायचं. आतलं पाणी जमिनीखाली वीतभर गेलं की मगच पुन्हा पाणी द्यायचं. पीक फुलोऱ्यात असताना मात्र कोरडं पडू द्यायचं नाही. पाईप नसेल तर बांबू चालतो. एवढी साधी गोष्ट. शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

ती गावात रुजायला काय लागतं, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळायच्या आधी माझ्या हातून एक चूक झाली.

बरीच वर्षं झाली. मलावीहून बांडा नावाचे शांत, पन्नाशीचे गृहस्थ आले होते. पाईपचा धडा संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "आम्ही वाचवलेलं पाणी जातं कुठे? आमचा खालचा शेजारी ते घेणार. मग माझ्या शेतकऱ्याने का वाचवावं?" प्रश्न तिखट होता. प्राध्यापक वयस्कर होते, जेवणाची वेळ झाली होती, आणि मी त्या प्रश्नाचं जपानी केलं ते असं: "पाणीवाटपाबद्दल आपण काही सांगाल का?" प्राध्यापकांनी हसून पाणीवाटपावर चार गोड वाक्यं सांगितली. बांडांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वही मिटली. त्यांना जपानी येत नव्हतं, पण आपला प्रश्न पोचला नाही हे त्यांना कळलं होतं. परत गेल्यावर त्यांचं एक पत्र आलं. पाईप रोवले, एक हंगाम लोकांनी पाहिले, दुसऱ्या हंगामात उपटून टाकले, असं त्यात लिहिलं होतं. तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी प्रश्न बोथट करणं सोडलं. आमचे विभागप्रमुख ओत्सुका-सान त्यामुळे माझ्यावर थोडे नाराज असत. ओत्सुका-सान म्हणजे नियमांचा माणूस. जेवणाच्या सुट्टीला एक मिनिट कमी असलं तरी ते डबा उघडून समोर ठेवून बसत, खात नसत.

आता ओतिएनो आणि नाब्विरे यांच्याकडे येते. माझ्या निवृत्तीच्या तीन वर्षं आधीच्या तुकडीतले हे दोघं.

पॅट्रिक ओतिएनो केनियाचा. सव्वासहा फूट, मोठ्याने हसणारा, तीन ताटं जेवणारा. नाब्विरे युगांडाची. बुटकी, नेटकी, वहीत तीन रंगांनी टिपणं काढणारी. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नकाशावर आपापला जिल्हा दाखवायचा होता. ओतिएनोने टाचणी लावली, नाब्विरेने लावली, आणि दोन टाचण्या इतक्या जवळ आल्या की प्राध्यापकांना वाटलं तिने चुकून दुसऱ्याच्या देशात लावली. चूक नव्हती. एक छोटी नदी दोन्ही देशांच्या हद्दीवरून वाहते. वरच्या अंगाला ओतिएनोची गावं, खालच्या अंगाला नाब्विरेची. दोन्हीकडे भात.

"म्हणजे तुम्ही शेजारी," प्राध्यापक आनंदाने म्हणाले.

"हो," नाब्विरे म्हणाली. "यांच्याकडचं पाणी उरलं तर आमच्याकडे येतं."

मी हे वाक्य जसंच्या तसं जपानीत केलं. प्राध्यापकांचा आनंद जरा ओसरला. ओतिएनो मोठ्याने हसला, पण एकटाच.

पुढचे तीन आठवडे दोघं एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागले. इंग्रजीत आदर-अनादर कळत नाही, सगळेच 'यू'. पण मराठीत लिहायचं तर त्या दिवसांतलं त्यांचं प्रत्येक वाक्य मला 'तुम्ही'मध्ये लिहावं लागेल, आणि त्या 'तुम्ही'त कसला गोडवा नव्हता.

चौथ्या आठवड्यात प्रत्यक्ष खाचरात उतरायचं होतं. आम्हाला सरावासाठी शेत द्यायचे ते ओगावा-सान, ऐंशीच्या घरातले शेतकरी. आमच्या केंद्राचा नियम असा की रबरी बूट घातल्याशिवाय कुणी चिखलात पाय ठेवायचा नाही. बूट केंद्राचेच. ओतिएनोचा पाय त्यातल्या सगळ्यात मोठ्या बुटात अर्ध्यावर अडकला. दुसऱ्या पायाचाही प्रयत्न झाला. ओत्सुका-सान म्हणाले, "मग यांनी बांधावरून पाहावं. नियम आहे."

दहा हजार किलोमीटरवरून आलेला माणूस बांधावर उभा. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. ओगावा-सान हे सगळं पाहत होते. त्यांनी काही न बोलता बांधावर बसून स्वतःचे बूट काढले, मोजे काढून बुटात नीट खोचले आणि अनवाणी खाचरात उतरले. मग मला म्हणाले, "यांना सांगा, शेत माझं आहे. माझ्या शेतात माझा नियम."

मी भाषांतर करायच्या आतच ओतिएनो चिखलात होता. त्याच्या मागे सगळी तुकडी, बूट बांधावर टाकून. शेवटी मीसुद्धा साडीच्या निऱ्या खोचतात तशी पँट गुडघ्यावर चढवून उतरले. ओत्सुका-सान बांधावर अकरा जोड बूट रांगेत लावत बसले.

पाईप रोवून झाल्यावर ओगावा-सानांनी तो कसा वाचायचा ते दाखवलं. तेव्हा ओतिएनोने विचारलं, "पाणी तोडल्यावर, पुन्हा हवं असेल त्या दिवशी पाटाला पाणी असेलच, हे तुम्हाला कसं माहीत?"

ओगावा-सानांना प्रश्नच कळला नाही. "का नसेल? माझी पाळी असते."

"आमच्याकडे पाळी नसते," ओतिएनो म्हणाला. "पाटाला पाणी दिसलं की माझे शेतकरी घेऊन ठेवतात, कारण उद्याचा भरवसा नाही. त्यांना लालची म्हणू नका. शेत सुकवायला धीर लागतो, आणि धीर पाणी परत येणार असेल तर धरवतो."

"आणि ते भरून ठेवतात म्हणून खाली आमचं पीक लोंबी बाहेर पडायच्या आधी, पोटरीतच वाळतं," नाब्विरे दुसऱ्या टोकाहून म्हणाली.

बांडांचाच प्रश्न होता हा, फक्त आता तो दोन बाजूंनी विचारला जात होता. मी शब्द न शब्द जपानीत सांगितला. ओगावा-सानांनी पाईपमध्ये एकदा डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या आजोबांच्या वेळी आमचं आणि वरच्या गावाचं असंच होतं. कुदळी घेऊन धावून गेले होते एकमेकांवर. नंतर ते गोल टाकं बांधलं."

"कुठलं टाकं?"

"आहे पलीकडच्या जिल्ह्यात, आमच्या मूळ गावी, डोंगराच्या पायथ्याला. माझ्या आजोबांनी दगड वाहिले त्याचे. बघायचं असेल तर बघा जाऊन. बघण्यासारखं काही नाही, नुसतं पाणी पडतं."

मला ते टाकं त्या दोघांना दाखवायचंच होतं. पण त्याआधी आणखी एक गोष्ट घडली, जिचं श्रेय जपानच्या कचऱ्याला आहे.

जपानमध्ये कचरा टाकणं हे शास्त्र आहे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, बाटल्यांची झाकणं वेगळी. वसतिगृहात त्यासाठी एक खोली होती. रविवारी सकाळी नाब्विरे तिथे बाटल्यांची लेबलं सोलता सोलता फोनवर आईशी बोलत होती, त्यांच्या नदीकाठच्या सामिया भाषेत. आईला ती सांगत होती, वरच्या अंगाचा तो माणूसही इथेच आहे, तीन ताटं जेवतो, आणि नदी बापाची असल्यासारखा बोलतो. तेवढ्यात मागून त्याच भाषेत, तिच्याच गावच्या हेलात उत्तर आलं.

"नदी बापाची नाही. आईच्या माहेरची आहे."

मागे ओतिएनो, दोन्ही हातांत चुकीच्या पिशव्या घेऊन. आडनाव बापाकडचं, दुसऱ्या जमातीचं, त्यामुळे नाब्विरेला कधी शंका आली नव्हती. पण तो वाढला आजोळी, आणि आजोळ नदीकाठचं. नाब्विरेची आई फोनवर ओरडत होती, "कोण आहे? कुणाचा मुलगा?" मग फोन ओतिएनोच्या हातात गेला, आणि अर्ध्या तासात असं निघालं की त्याची मावशी आणि नाब्विरेची आई दर आठवड्याला एकाच बाजारात मासळी विकायला बसतात.

हे सगळं मला नंतर नाब्विरेने सांगितलं, लाजेने तोंडावर हात ठेवून. त्या दिवसापासून त्यांची वाक्यं मी 'तू'मध्ये लिहू शकते. भांडण थांबलं नाही, उलट वाढलं, पण आता ते घरातल्यासारखं झालं.

मी ओत्सुका-सानांकडे गेले. म्हटलं, पुढच्या शनिवारी कामाकुराची सहल आहे, त्याऐवजी सगळ्यांना टाकं दाखवू या. ते म्हणाले, कार्यक्रम मंजूर झालेला आहे, बदलायचा तर नवा अर्ज, तो वर जाणार, तोवर तुकडी परत गेलेली असेल. मी म्हटलं, मग रविवारी मी या दोघांना स्वखर्चाने ट्रेनने नेते.

ते म्हणाले, "प्रशिक्षणार्थी जिल्ह्याबाहेर जाणार असतील तर सोबत कायम कर्मचारी असला पाहिजे. तुम्ही कंत्राटी आहात. नियमात बसत नाही."

इतक्या वर्षांत कंत्राटी हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर उच्चारला होता, आणि तो मला लागला.

"मी कायम कर्मचारी आहे," ते म्हणाले. "रविवारी मला काम नाही. आठ वाजून बाराची ट्रेन सोयीची पडेल."

रविवारी ते स्टेशनवर आठ वाजता हजर होते. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेली चार गार चहाच्या बाटल्यांची पिशवी. मी थालीपिठं घेतली होती. निशी-कसाईच्या भारतीय दुकानातलं ज्वारीचं पीठ आम्ही त्या उन्हाळ्यात किती आणलं असेल. ओतिएनो आणि नाब्विरे त्याची घट्ट उकड करून खात आणि मला म्हणत, तुम्ही लोक उगाच त्याला थापत बसता.

टाकं पाहून मी आधी निराशच झाले. रस्त्याकडेला काँक्रीटचा एक मोठा गोल, विहिरीच्या कठड्यासारखा. डोंगरातलं पाणी जमिनीखालून येऊन त्याच्या मध्यातून वर फुगतं आणि कडेवरून चारी बाजूंनी सारखं खाली पडतं. खाली भोवतीने भिंती घालून त्या गोलाचे भाग पाडलेत. ज्या गावाची जमीन जास्त त्याचा भाग मोठा, ज्याची कमी त्याचा लहान. पाणी जास्त आलं तर सगळ्यांना जास्त, कमी आलं तर सगळ्यांना त्याच प्रमाणात कमी. कुठे दार नाही, कुलूप नाही, चावी सांभाळणारा माणूस नाही.

जवळच्या शेतातले एक गृहस्थ आम्हाला पाहून आले. ओतिएनोने माझ्यामार्फत त्यांना विचारलं, "कुणी आपल्या बाजूची कड थोडी फोडली तर? किंवा शेजाऱ्याच्या बाजूला दगड ठेवला तर?"

गृहस्थ म्हणाले, "दिसेल ना. आम्ही सगळे इथूनच जातो रोज."

एवढंच उत्तर. पण ते ऐकून ओतिएनो कठड्याला टेकून बसला. नाब्विरेने एक पान तोडून मध्यात टाकलं. ते फिरत फिरत कडेला आलं आणि कुठल्याशा गावाच्या वाट्याला पडलं. तिने दुसरं टाकलं. मग दोघांचं त्यांच्या भाषेत सुरू झालं. हातवारे, वाळूत रेघा, एकमेकांच्या रेघा पुसणं. एक तास झाला, थालीपिठं संपली, तरी सुरूच.

ओत्सुका-सानांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणतायत?"

"माहीत नाही."

"तुम्ही दुभाषी आहात ना?"

"यातलं मला एक अक्षर येत नाही, ओत्सुका-सान."

त्यांनी मान हलवली आणि उरलेली चहाची बाटली मला दिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत समोर लोक तावातावाने बोलतायत आणि मला काहीच करायचं नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. मला फार छान वाटत होतं.

परतीच्या ट्रेनमध्ये नाब्विरेने मला सांगितलं. गोल टाकं त्यांना बांधता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण पाणी जिथे वाटलं जातं ती जागा सगळ्यांना रोज दिसेल अशी हवी, म्हणजे बाजाराच्या वाटेवर. तिथे विटांची साधी वाटणी करायची. वरच्या लोकांनी पाईप पाहून पाणी सोडायचं, बदल्यात खालच्या लोकांनी नदी ओलांडून वरच्या पाटातला गाळ काढायला यायचं, कारण गाळानेच वरच्या लोकांचं पाणी अडतं. आणि दोन्हीकडच्या रेडिओवर, एकाच भाषेत, कुणाची पाळी कधी आणि पाऊस कधी ते सांगायचं.

"हे आधी का सुचलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

"नदीवर आम्ही कधी भेटलोच नाही," ओतिएनो म्हणाला. "त्याला व्हिसा नाही लागत, पण दोन खात्यांची परवानगी लागते. जपानला येणं सोपं पडलं."

वर्गाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या देशासाठी कृती आराखडा मांडायचा असतो. छापील फॉर्म, त्यात देशाचा एकच रकाना. या दोघांना एकच आराखडा मांडायचा होता. ओत्सुका-सानांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. मग त्यांनी दोन फॉर्म घेतले, दोन्हींत एकच मजकूर भरायला सांगितला आणि दोन्हींना मिळून एक टाचणी मारली. "एक टाचणी म्हणजे एक कागदपत्र," ते म्हणाले, "असं आमच्याकडे मानतात." असं खरंच मानतात का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

सादरीकरणाला पाहुणे आले होते. त्यातल्या एकांनी विचारलं, "तुमच्या दोन्ही सरकारांनी मान्यता दिली नाही तर?"

नाब्विरे उठली. "सरकारं मोठी आहेत, त्यांना वेळ लागेल. आम्ही एका पाटापासून सुरू करू. माझी आई आणि याची मावशी एकाच बाजारात मासळी विकतात. त्यांनी कुणाची मान्यता घेतली होती?"

मी हे जपानीत सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत बसलेले ओगावा-सान टाळ्या वाजवायला लागले. सादरीकरण अजून संपलं नव्हतं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला ओतिएनोच्या लोकांनी पाईप रोवायलाच नकार दिला. पाटावरचं पहिलं शेत नेकेसा नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं, आणि त्यांनी नवं काही घेतल्याशिवाय मागचं कुणी घेत नसे. त्या ओतिएनोला म्हणाल्या, "तू शाळेत शिकलास, जपानमध्ये शिकलास, मी चिखलात शिकले. माझं शेत सुकवून तू मला काय दाखवणार?"

त्याने वाद घातला नाही. मामाचं शेत घेतलं आणि त्यातच पाईप रोवले. त्याच महिन्यात नाब्विरे खालची तीसेक माणसं घेऊन नदी ओलांडून आली, फावडी-घमेली घेऊन, आणि दोन दिवस वरच्या पाटातला गाळ काढत राहिली. नेकेसाबाई बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांसाठी उकड आणि मासळीचं कालवण पाठवलं. तिसऱ्या दिवशी ओतिएनोला बोलावून त्या म्हणाल्या, "तो बांबू दे इकडे. कुठे रोवायचा?"

पण एक अट घातली. शेत सुकवल्यावर त्यांची पाळी येईल त्या दिवशी पाण्याची फळी नाब्विरेनेच येऊन उघडायची, स्वतःच्या हाताने. नाब्विरे पहिल्या हंगामात प्रत्येक पाळीला गेली. दुसऱ्या हंगामात बाईंनी तिला सांगितलं, आता आली नाहीस तरी चालेल.

खाली त्या वर्षी पीक पोटरीत वाळलं नाही. वरच्या लोकांचंही काही कमी झालं नाही. त्यांच्याच तुकडीतली टांझानियाची आणि रवांडाची मंडळी हे पाहायला नदीवर जाऊन आली, आणि आता त्यांच्याही हद्दीवरच्या दोन ठिकाणी असंच काही चाललंय. दोन्ही सरकारांनी हळूहळू लक्ष घातलं. पुढचा वर्ग त्या नदीकाठीच घ्यायचं ठरलं, तिथल्या लोकांनी तिथल्या लोकांना शिकवायचं. त्याला दुभाषी लागत नाही. मी निवृत्त व्हायला ही वेळ बरी होती. थोडं खट्टू वाटलं, नाही असं नाही. बांडांना मी हे सगळं पत्राने कळवलं, आणि त्या दिवशीच्या भाषांतराबद्दल माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं: ते निवृत्त झालेत, नदीवर जायला जमणार नाही, पण नाब्विरेचा फोन नंबर पाठवावा.

गेल्या वसंतात एका रविवारी दुपारी नाब्विरेचा व्हिडिओ कॉल आला. ती खाचराच्या बांधावर उभी होती, शेजारी ओतिएनो, आणि दोघांच्या मध्ये डोक्याला रंगीत फडकं बांधलेल्या बारीकशा नेकेसाबाई. त्यांना मला पाहायचं होतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून मला नीट पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"विचारतायत, तुमचं शेत किती?" नाब्विरेने सांगितलं.

मी म्हटलं, शेत नाही. मी शेती शिकले, पण केली कधीच नाही. नवव्या मजल्यावर राहते. मी फोन फिरवून गॅलरी दाखवली. तिथे दोन कुंड्या, एक कोथिंबिरीची आणि एक रिकामी.

ते ऐकून नेकेसाबाईंनी फोन आणखी जवळ घेतला. मग हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. ओतिएनो हसायला लागला, पण नाब्विरेने त्याला कोपर मारलं.

"त्या विचारतायत, मग तुम्हाला भात कोण देतं?"

मी म्हटलं, दुकानातून आणते. हे उत्तर त्यांना पटलं नाही, हे भाषांतराशिवायच कळलं. त्या बांधावरून खाली उतरल्या आणि पाटाच्या तोंडाची, जिथे पाणी सगळ्यात आधी येतं तिथली भाताची एक ओळ हाताने दाखवून नाब्विरेला काही सांगू लागल्या.

"ही ओळ तुमची," नाब्विरे म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, जपानमध्ये असा तांदूळ पाठवू देत नाहीत. त्या म्हणतायत, पाठवायचं नंतर बघू, आधी ओळ असू दे."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मला माझ्या ओळीची खबर येते. मध्यंतरी पानांवर करपा दिसला होता, आता बरी आहे. पाणी परवा तोडलं, वीतभर खाली गेलं की पुन्हा देतील.